शिपाई स्नाफूची मूर्खलक्षणे

दुसऱ्या महायुद्धावर लिहिलेल्या ग्रंथांची संख्या आता कोणा एका माणसाच्या वाचनशक्तीबाहेर गेली आहे. सेनापतींची चरित्रे आहेत, मुत्सद्द्यांच्या रोजनिशा आहेत, रणगाड्यांचे आणि विमानांचे तपशील देणारे जाडजूड खंड आहेत. परंतु ज्याच्या खांद्यावर बंदूक आणि पाठीवर ओझे होते, त्या साध्या शिपायाला त्या काळात काय शिकविले गेले आणि मुख्य म्हणजे कोणत्या भाषेत शिकविले गेले, याची चौकशी फारशी कोणी करीत नाही. त्या चौकशीचे एक लहानसे दप्तर आज मी आपणांपुढे उघडणार आहे. हे दप्तर कागदाचे नाही. तीन-चार मिनिटांच्या, काळ्या-पांढऱ्या, पोट धरून हसविणाऱ्या पंचवीसएक कार्टूनपटांचे ते आहे. त्यांच्या नायकाचे नाव प्रायव्हेट स्नाफू. प्रायव्हेट म्हणजे अमेरिकन लष्करातील सर्वांत खालच्या पायरीवरचा शिपाई.

व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कार्टूनचा विषय कसा, असे काही श्रोत्यांना वाटले असेल. कार्टून म्हणजे मुलांचा खाऊ, अशी आपली समजूत आहे. परंतु हे चित्रपट मुलांसाठी नव्हते. मरणाच्या वाटेवर उभ्या असलेल्या प्रौढ माणसांसाठी ते होते, आणि मरण शक्य तेवढे टाळावे कसे हे सांगण्यासाठी होते. मी कामगार चळवळीतला माणूस. कॉलेजची पायरी मी चढलो नाही. जे शिकलो ते युनियनच्या कचेरीतील पुस्तकांतून आणि रात्रीच्या अभ्यासवर्गांतून. माझा या विषयाशी संबंध तिथूनच येतो. ओव्हरटाइम धरून बारा तास यंत्रापुढे उभा राहिलेला माणूस संध्याकाळी वर्गाला येतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांवर झापड असते. त्याला कायद्याचे कलम वाचून दाखविले तर तो मान डोलावतो आणि घरी जाईपर्यंत विसरतो. त्याच्या हिताची गोष्ट त्याच्या मनात उतरावी कशी? ज्याने ज्याने माणसे संघटित करण्याचे काम केले, त्याला हा प्रश्न पडलेला आहे. अमेरिकन लष्करालाही युद्धात उतरल्यावर नेमका हाच प्रश्न पडला होता.

शेतावरून, कारखान्यांतून आणि दुकानांतून उचलून आणलेल्या लाखो तरुणांना अल्पावधीत सैनिक करावयाचे होते. नियमांची पुस्तके छापलेली होती. ती वाचीत कोणी नव्हते. लष्कराच्या चित्रपट विभागाचे काम त्या वेळी हॉलिवूडचे नामवंत दिग्दर्शक फ्रँक काप्रा यांच्याकडे होते. शिपायांसाठी दर पंधरवड्याला एक चित्रमासला निघे. त्यात बातम्या असत, माहिती असे, आणि त्यातच जून १९४३ पासून या स्नाफूला जागा मिळाली. लेखनासाठी काप्रांच्या तुकडीत थिओडोर गाइझेल होते. पुढे डॉक्टर स्यूस या नावाने जगभरची मुले ज्यांना ओळखू लागली, तेच हे गृहस्थ. तोवर ते एका दैनिकासाठी हिटलरविरोधी राजकीय व्यंगचित्रे काढीत होते. सोपे शब्द, ठसकेबाज यमके आणि उलट्या चालीने सांगितलेला उपदेश ही त्यांची हातोटी येथे पुरेपूर दिसते.

आता ‘स्नाफू’ या नावाकडे पाहू, कारण माझ्या सगळ्या म्हणण्याची मेख तिथेच आहे. हा शब्द एखाद्या लेखकाने घडविलेला नाही. तो शिपायांनीच घडविला. ‘सिच्युएशन नॉर्मल, ऑल फाउल्ड अप’ या शब्दांची आद्याक्षरे जोडून तो झाला. शिपायांच्या तोंडी त्यातला एक शब्द याहून पुष्कळ ओंगळ होता. छापण्यासाठी तो सौम्य केला गेला. अर्थ असा की, परिस्थिती नेहमीसारखी आहे, म्हणजेच सगळा घोटाळा आहे. हा टोमणा कोणाला होता? वरून येणाऱ्या हुकुमांना, चुकीच्या गावी पोहोचणाऱ्या सामानाला, हिवाळ्यात उन्हाळी कपडे पाठविणाऱ्या कचेरीला. शिपायाने व्यवस्थेवर मारलेला तो शेरा होता. लष्कराने काय केले? तो शेरा उचलला आणि शिपायाच्याच गळ्यात नाव म्हणून अडकविला. ‘सगळा घोटाळा’ हे व्यवस्थेचे वर्णन होते. ते आता एका वेंधळ्या शिपायाचे नाव झाले. शब्द तोच राहिला आणि आरोपी बदलला.

मूर्खाचे चित्र काढून शहाणपण शिकविणे ही रीत आपल्याला नवी नाही. तमाशातला सोंगाड्या तेच करतो. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा आरंभच मूर्खलक्षणांनी केला आहे. एकामागून एक लक्षणे ऐकताना श्रोता प्रथम शेजाऱ्याकडे पाहून हसतो आणि मग हळूच स्वतःकडे पाहतो. स्नाफूची मालिका ही अशीच विसाव्या शतकातील मूर्खलक्षणे आहेत. पुष्कळ भागांत तो एखादा नियम मोडतो आणि काही वेळा शेवटी मरतोही. पुढच्या भागात पुन्हा जिवंत होऊन दुसरा नियम मोडायला तो मोकळा! परंतु समर्थांनी दुसरा दशक संपविताना आणखी एक समास लिहिला आहे, तो पढतमूर्खाचा. शिकलेला, अधिकारी, दुसऱ्याला शहाणपण सांगणारा असूनही मूर्ख. स्नाफूच्या मालिकेत मूर्खलक्षणे भरपूर आहेत. पढतमूर्खाचा समास मात्र गाळलेला आहे. मी पाहिलेल्या भागांत चूक नेहमी खालच्याची असते, वरच्याची कधीच नाही. ही गोष्ट मनात ठेवून हे चित्रपट पाहावेत, अशी माझी शिफारस आहे. कारण पाहण्यासारखे ते खासच आहेत.

ते काढले कोणी, हेही सांगितले पाहिजे. लष्कराने या कामासाठी डिस्नेचा विचार केला होता. परंतु पात्रावरची मालकी आपल्याकडे राहावी असा डिस्नेचा आग्रह होता, आणि लिऑन श्लेसिंगर यांच्या स्टुडिओने डिस्नेपेक्षा दोन-तृतीयांश कमी रकमेची बोली लावून काम मिळविले. वॉर्नर ब्रदर्ससाठी बग्ज बनी सशाचे चित्रपट काढणारा हाच स्टुडिओ. चक जोन्स, फ्रिझ फ्रेलेंग, बॉब क्लॅम्पेट आणि फ्रँक टॅशलिन हे तिथले दिग्दर्शक. स्नाफूचा आवाज मेल ब्लँक यांचा, म्हणजे त्या सशाला आवाज देणाऱ्याचाच.

कार्टून म्हणजे किती हातांचे काम असते, याची कल्पना आपणांस असावी म्हणून एक हिशेब मांडतो. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रे सरकतात. चार मिनिटांच्या चित्रपटाला ५,७६० चित्रचौकटी लागतात. एक रेखाटन दोन चौकटींना वापरले तरी जवळजवळ २,९०० रेखाटने झाली. मुख्य चित्रकार हालचालीची टोके काढतो. मधली चित्रे मदतनीस भरतात. मग ती पारदर्शक पत्र्यांवर शाईने गिरवायची, रंगवायची आणि एकेक करून छायाचित्रित करायची. शाई आणि रंगाच्या खात्यात बहुतेक स्त्रिया असत, आणि त्यांचे पगार सर्वांत कमी असत. थोडक्यात, हा एक कारखानाच होता, आणि कारखान्यात जे घडते ते इथेही घडले. मे १९४१ मध्ये श्लेसिंगर यांनी युनियनला मान्यता देण्याऐवजी टाळेबंदी केली. सहा दिवसांत त्यांना करार करावा लागला. त्याच महिन्याच्या २९ तारखेला डिस्नेच्या स्टुडिओत संप सुरू झाला. आर्ट बॅबिट या नामवंत चित्रकाराला युनियनच्या कामासाठी बडतर्फ केले, हे त्याचे तात्कालिक कारण. श्लेसिंगरकडील कलावंत त्या संपकऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले. चक जोन्स हेही त्यांत होते. म्हणजे आपण होऊन एक गोष्ट लक्षात येते. स्नाफूला जन्म देणारे हात नुकतेच आपल्या हक्कासाठी एकत्र आलेले होते. आज्ञाधारकपणाचे धडे त्यांनी रंगविले, पण ते स्वतः मुकाट्याने मान खाली घालणारे नव्हते. या दोन गोष्टींची ओढाताण चित्रांत जाणवते, आणि त्यामुळेच ती चित्रे जिवंत राहिली आहेत.

आता माझ्या आवडीचे सहा भाग सांगतो. ज्यांना वेळ थोडा आहे त्यांनी एवढे पाहिले तरी पुरे.

पहिला, ‘स्पाइज’, म्हणजे हेर; ऑगस्ट १९४३, दिग्दर्शक चक जोन्स. स्नाफूला एक गुपित ठाऊक आहे: त्याचे जहाज कधी आणि कुठे निघणार. ते गुपित त्याने डोक्यात कुलूपबंद ठेवले आहे; खरोखरच त्याच्या मेंदूवर साखळी आणि कुलूप काढून दाखविले आहे. मग तो आईला फोन करतो तेव्हा एक शब्द निसटतो, आणखी कुठे दुसरा निसटतो, आणि दारू पोटात गेल्यावर एका सुंदर बाईशेजारी बसला असता कुलूप गळूनच पडते. भिंतीला, झाडाला, बाळाच्या गाडीला, सगळ्यांना कान आहेत. जहाज पाणबुड्यांच्या तोंडी जाते आणि स्नाफू नरकातल्या कढईत. माझे गुपित फोडले कोणी, असे तो ओरडतो, तेव्हा सैतानाच्या रूपातील हिटलर त्याच्यापुढे आरसा धरतो. उपदेश यमकांत आहे, चित्रांचा वेग दम घेऊ देत नाही, आणि शेवटचा आरसा पाहणाऱ्यालाही सोडत नाही. ‘बोलू नका’ एवढे दोन शब्द सांगण्यासाठी याहून चांगली युक्ती मला ठाऊक नाही.

दुसरा, ‘बूबी ट्रॅप्स’, म्हणजे शत्रूने पेरून ठेवलेले फसवे सापळे. जानेवारी १९४४, दिग्दर्शक बॉब क्लॅम्पेट. शत्रू सोडून गेलेल्या जागी काही उचलू नये, कशाला हात लावू नये, हा धडा. यातला पियानो विसरता येत नाही. एका विशिष्ट पट्टीवर बोट पडले की स्फोट व्हावा अशी योजना आहे, आणि स्नाफू ती धून वाजविताना नेमकी तीच पट्टी चुकतो. पुन्हा वाजवितो, पुन्हा चुकतो. स्फोट होणार हे प्रेक्षकाला ठाऊक असते आणि त्याला ठाऊक नसते. चुकीने वाचणारा आणि बरोबर केल्यावर मरणारा माणूस असा हा विनोद आहे. याच युक्तीचा उपयोग त्या स्टुडिओने पुढे सशाच्या चित्रपटांतही केला. कारखान्यात सुरक्षिततेचे फलक आपण भिंतीवर लावतो आणि ते कोणी वाचीत नाही. हा भाग एकदा पाहिलेला माणूस मात्र अनोळखी वस्तूला हात लावण्यापूर्वी थबकेल.

तिसरा भाग हिवतापाचा आहे. ‘प्रायव्हेट स्नाफू विरुद्ध मलेरिया माइक’, १९४४, पुन्हा चक जोन्स. माइक हा डास शिकाऱ्याच्या थाटात स्नाफूच्या मागे लागतो, आणि स्नाफू उघड्या अंगाने, औषध न लावता, फाटक्या मच्छरदाणीत त्याची सोय करून देतो. शेवटी शिकारीचे मुंडके भिंतीवर टांगतात तसे स्नाफूचे मुंडके डासाच्या भिंतीवर दिसते. शास्त्र येथे जरा बाजूला ठेवावे लागते, कारण माणसाला चावते ती डासाची मादी. मे १९४५ च्या ‘इट्स मर्डर शी सेज’ या भागात मादी अ‍ॅनोफेलिसच आपली कथा सांगते, तेव्हा ती चूक सुधारते.

हा विनोद कोणत्या संकटातून आला हे पाहिले पाहिजे. १९४२ मध्ये जपानने जावा बेट घेतले, आणि जगातील बहुतेक क्विनाइन जिथून येई तो प्रदेश दोस्तराष्ट्रांच्या हातून गेला. बदली औषध म्हणून अटाब्रिनच्या पिवळ्या गोळ्या आल्या. तिलाच इंग्रज मेपाक्रिन म्हणत. गोळी कडू, कातडी पिवळी पाडणारी, आणि तिने पुरुषत्व जाते अशी अफवा. शिपाई ती थुंकून टाकीत. पॅसिफिकच्या बेटांवर गोळ्यांपेक्षा हिवतापाने अधिक माणसे आडवी केली. आणि हे संकट आपल्या घराजवळही होते. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर १९४३ मध्ये जनरल स्लिम यांनी चौदाव्या सैन्याची सूत्रे घेतली, तेव्हा जखमी होऊन मागे येणाऱ्या एका माणसामागे १२० माणसे आजारी होऊन मागे येत होती. याच आघाडीवर, मार्च १९४४ मध्ये मणिपुरातील सांगशाक येथे, मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन जपान्यांशी लढली. हिवताप त्या पोरांनाही चुकलेला नव्हता.

स्लिम यांनी काय केले? गोळी घेणे सक्तीचे केले, आणि अचानक जाऊन संपूर्ण तुकडीच्या रक्ताची तपासणी सुरू केली. ९५ टक्क्यांपेक्षा कमी माणसांच्या रक्तात औषध आढळले तर शिक्षा कोणाला? शिपायाला नव्हे, त्या तुकडीच्या कमांडिंग ऑफिसरला. स्लिम यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे की, असे तीनच अधिकारी त्यांना काढावे लागले. बाकीच्यांना तेवढ्यात उमगले. १९४५ पर्यंत त्या सैन्यातील आजाऱ्यांचे प्रमाण दिवसाला हजारी एक इतके खाली आले. मलेरिया माइकचा चित्रपट पाहून हसा, जरूर हसा. आणि मग ही हकीकत त्याच्या शेजारी ठेवा. अमेरिकन चित्रपट म्हणतो, शिपाई गाफील म्हणून ताप आला. ब्रह्मदेशातला सेनापती म्हणतो, साहेबाने पाहिले नाही म्हणून ताप आला. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील. परंतु ताप उतरविला तो मुख्यतः दुसऱ्या गोष्टीने.

हे मी तावातावाने का सांगतो, याचे कारण आहे. कारखान्यात पॉवर प्रेसखाली बोटे जातात. चौकशी होते. गेल्या तीस वर्षांत असे किती अहवाल मी वाचले असतील याची गणती नाही, आणि त्यांतल्या बहुतेकांत शेवटची ओळ एकच असते: अपघाताचे कारण, कामगाराचा निष्काळजीपणा. यंत्राची जाळी कोणी काढून ठेवली होती, उत्पादनाचा आकडा कोणी वाढविला होता, सलग दुसऱ्या पाळीला त्या माणसाला कोणी उभे केले होते, हे अहवालात येत नाही. अहवालाच्या लेखी तो स्नाफू असतो. म्हणून मला या मालिकेची गोडीही आहे आणि भीतीही आहे.

चौथा भाग, ‘पे डे’, म्हणजे पगाराचा दिवस. सप्टेंबर १९४४, दिग्दर्शक फ्रिझ फ्रेलेंग. यात जवळजवळ संवादच नाहीत. स्नाफूच्या हाती पगार पडतो. युद्धानंतरचे त्याचे घर, संसार, मोटार यांचे चित्र आपल्याला दिसते. मग दुकानदार त्याला टाकाऊ वस्तू महागात विकतात, आणि प्रत्येक उधळपट्टीबरोबर ते भावी घर आक्रसत जाते. शब्द नसल्यामुळे हा भाग कोणत्याही भाषेच्या माणसाला दाखविता येतो. पगाराच्या दिवशी कारखान्याच्या दरवाज्यावर कोण कोण उभे असतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याची टीप वेगळी द्यायला नको. आमच्या अभ्यासवर्गात तो दाखविला तेव्हा आधी हशा झाला, आणि घर लहान होऊ लागले तसे सगळे गप्प झाले.

पाचवा, ‘द होम फ्रंट’, नोव्हेंबर १९४३, दिग्दर्शक फ्रँक टॅशलिन. स्नाफू बर्फाळ मुलुखात कुडकुडत आहे आणि मनात जळत आहे की, घरचे लोक मात्र मजा मारीत असतील. तेव्हा या मालिकेतले दुसरे पात्र येते: दाढी वाढलेली, तोंडात चिरूट असलेली, पंखवाली बुटकी परी, हुद्दा ‘टेक्निकल फेअरी, फर्स्ट क्लास’! ती त्याला घरचे दृश्य दाखविते. बाप रणगाडे बांधतो आहे, आई भाजीपाला पिकवते आहे, म्हातारे आजोबा जहाजाला रिव्हेट मारीत आहेत, आणि प्रेयसी लष्कराच्या स्त्री-दलात दाखल झाली आहे. युद्धाच्या इतिहासात कारखान्यातल्या माणसाचे इतके सरळ आणि आदराने केलेले चित्रण फार थोड्या ठिकाणी सापडेल. शिपाई आणि कामगार हे एकाच कामाचे दोन हात आहेत, हे तीन-चार मिनिटांत सांगितले आहे.

आणि याच्या जोडीनेच, भांडण्यासाठी म्हणून, ‘ग्राइप्स’ पाहावा. जुलै १९४३, फ्रेलेंग यांचाच. ग्राइप्स म्हणजे कुरकुर. भांडी घासणे, लशींच्या सुया यांना कंटाळून स्नाफू म्हणतो, माझ्या हाती कारभार असता तर! परी त्याला कारभार देते. शिस्त संपते, छावणीत चैन चालू होते, आणि जर्मन येऊन सगळे उद्ध्वस्त करतात. तात्पर्य हे की, कुरकुर करू नका, काम करा, म्हणजे हिटलर लवकर हरेल. चित्रपट म्हणून तो अप्रतिम आहे. विचार म्हणून त्यात एक लबाडी आहे. कुरकुर करणाऱ्यापुढे दोनच वाटा ठेवल्या आहेत, मुकाट राहा किंवा सगळा बेबंद कारभार घ्या. तिसरी वाट, म्हणजे बसून बोलणे, गाऱ्हाणे मांडणे, दुरुस्ती करणे, ती दाखविलेलीच नाही. गंमत अशी की, हे चित्रपट करणाऱ्या स्टुडिओतील कलावंतांनी दोनच वर्षांपूर्वी नेमकी तीच तिसरी वाट धरली होती. करार झाला, आणि स्टुडिओ काही उद्ध्वस्त झाला नाही! १९४४ मध्ये स्नाफूचे चित्रपट करीत असतानाच चक जोन्स यांनी अमेरिकेतील मोटार कामगारांच्या युनियनसाठी ‘हेल-बेंट फॉर इलेक्शन’ हा प्रचारपट दिग्दर्शित केला. कामगाराने झोपेत न राहता रूझवेल्टना मत द्यावे, असा त्याचा विषय. तेच हात, तीच शाई. परंतु तिथे खालच्या माणसाला गप्प राहा म्हणून सांगितलेले नाही, जागा हो म्हणून सांगितले आहे.

सहाव्या भागाकडे वळण्यापूर्वी एक कडू गोष्ट सांगितलीच पाहिजे. या मालिकेत जपानी माणूस जिथे जिथे येतो तिथे तो दात पुढे आलेला, जाड चष्म्याचा, माणूस कमी आणि प्राणी अधिक असा रंगविला आहे. हिटलरची टवाळी करताना एका माणसाची टवाळी होते. इथे एका अख्ख्या लोकसमूहाची होते. त्याच काळात अमेरिकेत राहणाऱ्या जपानी वंशाच्या एक लाखाहून अधिक लोकांना घरादारांतून उचलून छावण्यांत कोंडले होते. ते विसरून ही चित्रे पाहता येणार नाहीत. गाइझेल यांची त्या काळातील वृत्तपत्री व्यंगचित्रेही या दोषापासून मुक्त नव्हती. १९५३ मध्ये ते जपानला जाऊन आले, आणि १९५४ चे आपले एक पुस्तक त्यांनी एका जपानी स्नेह्याला अर्पण केले. मोटार कामगारांच्या त्याच युनियनने १९४६ मध्ये ‘ब्रदरहूड ऑफ मॅन’ हा कार्टूनपट करवून घेतला. सर्व वंशांची माणसे मुळात सारखीच, हे त्यात समजावून दिले आहे. तरुण श्रोत्यांना स्नाफू दाखविताना ही जोडगोष्ट सांगावी, म्हणजे हसण्याबरोबर विषही घोटले जाणार नाही.

सहावा आणि माझा सर्वांत लाडका भाग, ‘आउटपोस्ट’, ऑगस्ट १९४४, दिग्दर्शक चक जोन्स. स्नाफूला एका ओसाड बेटावर टेहळणीला बसविले आहे. दिवस जाता जात नाहीत. सोबतीला एक पक्षी. काही घडत नाही, आणि रोजचा अहवाल तर पाठवावा लागतो. एके दिवशी पाण्यातून वाहत आलेला जपानी खाद्यपदार्थाचा एक रिकामा डबा सापडतो. सांगण्यासारखे दुसरे काही नाही, म्हणून तो तेवढेच कळवितो. मुख्यालयात त्या डब्यावरून तर्क बांधला जातो, शत्रूचे आरमार जवळपास आहे हे ओळखले जाते, विमाने उडतात आणि आरमार बुडते. बेटावर स्नाफू पूर्वीसारखाच कंटाळून बसलेला असतो. आपल्या एका ओळीने काय झाले याचा त्याला पत्ताच नाही.

मी म्हटले की या मालिकेत पढतमूर्खाचा समास नाही. तो इथेही नाही. परंतु इथे त्याची उलट बाजू आहे: खालच्या माणसाने पाहिलेले वरच्याने वाचले, आणि वाचून त्यावर विचार केला. या भागात स्नाफू मूर्ख ठरत नाही, आणि त्याचे कारण तो बदलला हे नाही. त्याचे ऐकले गेले हे आहे. ज्या कारखान्यात यंत्राचा आवाज बदलल्याचे कामगाराने सांगितल्यावर कोणी तरी येऊन पाहते, तिथे अपघात कमी होतात. यासाठी मोठे तत्त्वज्ञान लागत नाही. रिकाम्या डब्याची नोंद वाचणारा माणूस लागतो.

इतकी चांगली मालिका विसरली का गेली, असे आपण विचाराल. कारण साधे आहे. हे चित्रपट फक्त शिपायांसाठी होते. नागरिकांच्या चित्रपटगृहांत ते लागलेच नाहीत. त्यामुळे तिथल्या चित्रपट-नियमावलीचे बंधनही त्यांच्यावर नव्हते, आणि भाषा व थट्टा बरीच मोकळी राहिली. युद्ध संपले, काम संपले, डबे कपाटांत गेले. ‘गोइंग होम’ हा भाग तर तयार होऊनही शिपायांपुढे आला नाही. रजेवर घरी गेलेला स्नाफू त्यात तोंडाला येईल ते बरळतो, आणि एका प्रलयंकर गुप्त शस्त्राचाही त्यात उल्लेख येतो. चित्रपटांच्या इतिहासकारांनी सशाला आणि उंदराला अध्याय दिले; शिपायाला तळटीप दिली. मात्र सरकारी पैशाने झालेले हे काम अमेरिकेत कोणाच्या खाजगी मालकीचे राहिलेले नाही. आज संगणकावर ते कोणालाही फुकट पाहता येते, आणि संस्थेच्या सभागृहात पडदा लावून दाखविताही येते.

दाखविणाऱ्यांना माझी एक सूचना आहे. प्रत्येक भाग संपल्यावर दिवे लावावेत, हशा ओसरू द्यावा, आणि प्रेक्षकांना दोन प्रश्न विचारावेत. पहिला, स्नाफूचे काय चुकले? याचे उत्तर सगळे एका सुरात देतील, कारण चित्रपटाने ते शिकविलेलेच आहे. दुसरा प्रश्न असा की, त्या वेळी त्याचा साहेब कुठे होता? या प्रश्नावर सभा थोडा वेळ शांत राहते, असा माझा अनुभव आहे. मग मागच्या रांगेतून कोणी तरी बोलू लागतो, आणि तो बहुधा चित्रपटाविषयी बोलत नाही. आपल्या खात्याविषयी, आपल्या यंत्राविषयी, आपल्या पाळीविषयी बोलतो. तेव्हा मध्ये बोलू नये. कागद-पेन्सिल घ्यावी आणि तो सांगेल ते लिहून घ्यावे.